आपल्याच रक्तातली लस

गेल्या अंकात मी पांढऱ्या पेशींवर अर्धं पान लिहिलं आणि शेवटी एक ओळ टाकली होती, की याच पेशींपासून कॅन्सरची लस करण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली, तेवढी एरवी वर्षभरात येत नाहीत. त्यातली पाच इथे घेतली आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या लॅबमध्ये ३४ वर्षं रक्ताच्या काचपट्ट्या बघितल्या. कॅन्सरचे उपचार करणारी डॉक्टर मी नव्हे, तेव्हा औषधाचा शेवटचा निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

मॅडम, लस तर आजार होण्याआधी देतात. कॅन्सर झाल्यावर लस देऊन काय उपयोग? आणि आपल्याच पेशी बाहेर काढून परत आत घालायच्या असतील, तर त्या आत असतानाच काम का करत नाहीत?
(बारावीतली विद्यार्थिनी, शिवाजी पेठ)

तुझं पत्र सगळ्यात आधी घेते. हे कळलं की पुढचं सोपं जाईल.

अनवाणी शेतात गेलं, पायाला काटा लागला, की दोन दिवसांनी जांघेत अवधान येतं. तुझ्या आजीला विचार, ती सांगेल. काटा पायात आणि गाठ जांघेत, असं का? कातडीखाली फांद्याफांद्यांच्या पेशी असतात. त्या काट्याबरोबर आलेल्या जंतूंचे तुकडे गिळतात, वाट धरतात आणि जवळच्या लसीकागाठीत जाऊन ते तुकडे तिथल्या टी पेशींसमोर, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशींसमोर धरतात. ज्या टी पेशीला तो तुकडा नेमका जुळतो, ती वाढायला लागते. एकीच्या हजारो होतात. गाठ फुगते ती या सगळ्या धामधुमीनं.

पाउल लँगरहान्स नावाच्या जर्मन विद्यार्थ्यानं या पेशी कातडीत १८६८ मध्येच पाहिल्या होत्या. त्याला त्या मज्जातंतूच्या वाटल्या. पुढं १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन आणि झॅन्व्हिल कोन यांना उंदराच्या प्लीहेत तशाच पेशी सापडल्या. फांद्या दिसल्या म्हणून झाडाच्या ग्रीक शब्दावरून नाव दिलं डेंड्रिटिक. स्टाइनमन म्हणत होते, टी पेशींना शिकवतात त्या याच. लोकांना ते पटायला बरीच वर्षं गेली.

तू शिवाजी पेठेतली, तुला तालमीतलं लगेच कळेल. डेंड्रिटिक पेशी म्हणजे वस्ताद आणि टी पेशी म्हणजे पठ्ठा. वस्ताद स्वतः फडात उतरत नाही, तो डाव दाखवतो. पण समोरचा कोण आणि त्याच्याशी कसं वागायचं, हे पठ्ठ्याला वस्तादच्या आवाजावरून कळतं. डेंड्रिटिक पेशीनं तुकडा दाखवताना सोबत धोक्याची खूण दिली तर टी पेशी लढायला निघते. ती खूण नसेल तर टी पेशी शिकते, की हा आपलाच आहे, याला हात लावायचा नाही. कॅन्सरची खरी गोम इथंच आहे. गाठ आपल्याच पेशींची, ती जंतूसारखी बोंब मारत नाही. वर ती आसपासच्या डेंड्रिटिक पेशींना मंद करून ठेवते, आपली ओळख सांगणाऱ्या खुणा झाकते आणि टी पेशींना आवरणाऱ्या दुसऱ्या टी पेशी स्वतःभोवती गोळा करते. या आवरणाऱ्या पेशींच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं, त्यातलं एक नाव शिमोन साकागुची यांचं.

म्हणून पेशी बाहेर काढायच्या. रक्तातून मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करतात, प्रयोगशाळेत साधारण आठवडाभर वाढवून त्यांच्या डेंड्रिटिक पेशी करतात, त्यांना गाठीतले तुकडे किंवा गाठीची एखादी ठरावीक खूण भरवतात आणि धोक्याचा इशारा देऊन जाग्या करतात. मग परत शरीरात सोडतात. गाठीच्या पहाऱ्याबाहेर त्यांचं शिक्षण होतं. आता तर काही ठिकाणी त्या पेशींत एमआरएनए, म्हणजे ती खूण कशी बनवायची याचा निरोप घालतात, मग ती खूण पेशी स्वतःच बनवते. याला लस म्हणायचं कारण एवढंच, की ती शरीराला शिकवते. देवीची लस आजार यायच्या आधी शिकवायची, ही आल्यानंतर शिकवते. आजार आधीच घरात शिरलेला असतो, म्हणून हिचं काम कितीतरी अवघड.

स्टाइनमन यांना स्वतःला २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. सहकाऱ्यांनी त्यांच्यासाठी त्यांच्याच पेशींपासून प्रायोगिक लसी केल्या, सोबत केमोही होती. त्या आजारात माणूस बहुधा वर्ष काढत नाही, ते चार वर्षांहून जास्त जगले. ३० सप्टेंबर २०११ ला ते गेले. ३ ऑक्टोबरला नोबेल जाहीर झालं तेव्हा समितीला ते गेल्याचं ठाऊक नव्हतं. बक्षीस तसंच ठेवलं गेलं. लसीनं ते जास्त जगले का, हे एका माणसावरून ठरत नाही, आणि तू पुढं विज्ञान शिकणार असशील तर ही गोष्ट सगळ्यात आधी मनात पक्की कर.

मॅडम, माझे वडील ७१ वर्षांचे. प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत पसरलाय. इंजेक्शनवर पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) उतरला होता, आता परत चढतोय. एका सेंटरचा माणूस घरी येऊन गेला. वडिलांच्याच रक्तातल्या पेशींची लस करून देऊ म्हणतो. सहा डोस, १६ लाख, साइड इफेक्ट काही नाही. पत्रकावर ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त पद्धत’ असं छापलंय. आई म्हणते रस्त्याकडची जमीन काढू. काय करावं?
(एक मुलगा, गडहिंग्लज तालुका)

तुमचं पत्र मी परत परत वाचलं. कारणं खाली सांगते, पण आधी हे ऐका. अजून एक रुपया देऊ नका, आणि चालू असलेलं औषध एक दिवसही थांबवू नका.

ती लस खोटी आहे असं मी म्हणत नाही. प्रोस्टेटवरच अशी एक लस आहे, सिप्युल्युसेल-टी. अमेरिकेत एप्रिल २०१० मध्ये तिला मान्यता मिळाली. हार्मोनच्या इंजेक्शनला दाद न देणारा, पसरलेला, पण अजून फारसा त्रास नसलेला आजार, एवढ्यांसाठीच. चाचणीत ५१२ रुग्ण होते. लस घेतलेल्यांचं मध्यम आयुष्य २५.८ महिने भरलं, न घेतलेल्यांचं २१.७. म्हणजे चार महिन्यांचा फरक. चार महिने थोडे नाहीत. ज्याच्या घरी नातवाचं लग्न ठरलंय त्याला विचारा. पण पत्रकावरच्या फोटोत हसणारं कुटुंब बघून आईच्या मनात जे आलं असेल, ते हे नव्हे.

त्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला कुणी सांगितली नसणार. आयुष्य वाढलं तरी बहुतेकांचा पीएसए उतरला नाही आणि गाठीही आकसल्या नाहीत. म्हणजे लस लागू पडली की नाही हे रुग्णाला कळायला काही मार्ग नाही. ते कळलं ते शेकडो रुग्णांची बेरीज केल्यावर. अशा औषधात फसवणं फार सोपं असतं. पीएसए नाही उतरला तर सांगायचं, उतरत नसतोच. उतरला तर श्रेय घ्यायचं.

आणि ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त पद्धत’ हे शब्द नीट तपासा. मान्यता पद्धतीला नसते, एका ठरलेल्या मालाला असते. एका कंपनीची, एका खुणेवर बेतलेली, ठरलेल्या रीतीनं केलेली लस, तीन डोस, तेव्हाची किंमत ९३ हजार डॉलर. तुमच्या पत्रकावर तिचं नाव कुठंच नाही. साइड इफेक्ट नाही हेही खरं नव्हे. डोसनंतर थंडी वाजून ताप येतो, अंग दुखतं, बहुतेकांचं एकदोन दिवसांत जातं.

आता जे सांगते ते मी आजवर लिहिलेलं नाही. माझे थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. कागलकडे त्यांचं गुऱ्हाळ होतं. २०१६ मध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. केमोची दोन सायकल झाली होती, दम लागणं कमी झालं होतं, काहिलीजवळ खुर्ची टाकून बसायला लागले होते. तेवढ्यात एका मोठ्या शहरातल्या केंद्राचा माणूस आला. वीस गुंठे ऊस गेला त्यात. मी रक्त बघणारी बाई, घरातली डॉक्टर, आणि मला सगळं ठरल्यावर कळलं. तरी मी सोबत गेले.

रक्त काढायच्या खोलीत मी आबांच्या उशाशी साडेतीन तास बसले. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या व्हायच्या, उरलेलं दुसऱ्या हातातून परत. डेंगीच्या साथीत प्लेटलेट दिल्या असतील तर तुम्हीही हे मशीन पाहिलं असेल. तासाभरानं आबा म्हणाले, ओठांना मुंग्या आल्यात. रक्त गोठू नये म्हणून जे द्रावण घालतात त्यानं कॅल्शियम उतरतं, म्हणून तसं होतं. मी सिस्टरला कॅल्शियमची गोळी द्यायला सांगितली. पिशवीत जमलेला तो फिकट लालसर थर मी बघत होते. आबा मला म्हणाले, काकवीच्या वरच्या मळीसारखं दिसतंय बघ.

तीन आठवड्यांनी पहिला डोस. मी रिपोर्ट मागितला. किती पेशी घातल्या, त्यातल्या जिवंत किती, त्यांना कसली खूण भरवली, जंतू नाहीत याची तपासणी झाली का. रक्ताची एक साधी बाटली चढवायची तरी तिच्यावर लेबल असतं, तारीख असते, गट असतो. मला रंगीत पुस्तिका मिळाली. दुसऱ्यांदा मागितला तेव्हा सांगितलं, ते आमचं गुपित आहे. आणि ज्यानं माझा अजून जीव तुटतो ते हे, की त्यांनी आबांची केमो बंद करायला लावली होती. केमोनं लस मरते म्हणाले. ज्या उपचारानं आबा काहिलीजवळ बसायला लागले होते तो थांबला, आणि कधी न तपासलेल्या पिशव्या चालू झाल्या. चौथ्या डोसाच्या आधी आबा गेले.

म्हणून तुम्हाला विचारायला सांगते. त्या माणसाला आधी एकच विचारा, हा मंजूर उपचार आहे की चाचणी? मंजूर असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांचं पत्र दाखवा म्हणा, आणि त्यात कुठल्या कॅन्सरसाठी मंजुरी आहे ते स्वतः वाचा. चाचणी असेल तर भारताच्या चाचणी नोंदवहीतला क्रमांक, सीटीआरआय नंबर, मागा. जून २००९ पासून अशी नोंद सक्तीची आहे आणि ती नोंदवही इंटरनेटवर कुणालाही उघडता येते. चाचणीत नेहमीच्या उपचारापलीकडचा खर्च रुग्णाच्या गळ्यात घालायचा नाही, हा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा नियम आहे. चाचणी म्हणायचं आणि १६ लाखही घ्यायचे, हे दोन्ही एकत्र बसत नाही. मग दर डोसाचा रिपोर्ट, मी मागितला तसा. शेवटी एवढंच म्हणा, की वडिलांच्या सध्याच्या कॅन्सर डॉक्टरांशी तुम्ही फोनवर बोला. आबांच्या वेळी मी हे म्हटलं असतं तर माणूस तिथूनच परत गेला असता, असं मला वाटतं.

आणि पीएसए चढला म्हणजे सगळं संपलं असं नाही. तुमच्या डॉक्टरांना अबिराटेरोन, एन्झालुटामाइड, डोसेटॅक्सेल यातलं वडिलांना काय चालेल ते विचारा. अबिराटेरोनच्या गोळ्या भारतीय कंपन्या बनवतात, किंमत पूर्वीपेक्षा बरीच उतरली आहे. हाडं दुखत असतील तर तेवढ्याच जागी रेडिएशन देता येतं, हाड मोडू नये म्हणून झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातलं काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. जमिनीचा विषय आईजवळ हे सगळं झाल्यावर काढा.

टीव्हीवर कार-टी सेलचं दाखवलं, राष्ट्रपती आल्या होत्या. आपल्या मुंबईतच होतं म्हणे. माझ्या मेव्हण्याला जठराचा कॅन्सर आहे, त्याला ते मिळेल का?
(वाचक, जयसिंगपूर)

नाही. त्या बातमीतला उपचार म्हणजे नेक्सकार१९. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून तो उभा केला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते सुरू झाला. अमेरिकेत अशा उपचाराला कोटींत पैसे पडतात, इथं सुरू झाला तेव्हा ३० ते ४० लाखांच्या घरात होता. याचा मला फार अभिमान वाटतो. पण ही लस नव्हे. इथं वस्तादला मधे घेतच नाहीत. टी पेशीतच जनुक घालून तिला नवा हात जोडतात, तो सीडी१९ नावाची खूण पकडतो, आणि ती खूण बी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींवर असते. म्हणून हा उपचार बी पेशींच्या काही रक्ताच्या आणि लसीकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी, तोही आधीचे उपचार हरल्यावर. जठराच्या पेशीवर ती खूण नसतेच. मेव्हण्यांच्या गाठीची हर-टू आणि एमएसआय या तपासण्या झाल्यात का ते मात्र विचारा. त्यावर औषध बदलू शकतं.

मला दोन मुली, ११ आणि १४ वर्षांच्या. कॅन्सरची लस म्हणून शाळेत काहीतरी बोलणं झालं. तीही अशीच प्रायोगिक आहे का? भीती वाटते.
(एक आई, इचलकरंजी)

ताई, ती एकदम वेगळी आणि पक्की तपासलेली आहे. ती एचपीव्ही विषाणूवरची लस, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होऊ नये म्हणून. तिच्यात कुणाच्या पेशी नसतात. आपल्या पुण्यात सिरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या सर्व्हाव्हॅकला जुलै २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. पंधरा पूर्ण झाली की तीन घ्यावे लागतात, म्हणून मोठीचं आधी उरका. आणि तुम्ही स्वतः तपासणी केली आहे का? पॅप स्मीअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन बघणं, दोन मिनिटांचं काम. या वयाच्या किती बायकांच्या काचपट्ट्या माझ्यासमोर उशिरा आल्या, ते मी मोजायचं सोडून दिलं होतं.

मला स्तनाचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. माझा धाकटा भाऊ तालमीत जातो, धडधाकट आहे. तुमचं वाचून म्हणतो, ताईला माझ्या पांढऱ्या पेशी द्या. त्याच्या पेशींची लस मला चालेल का? रोज विचारतो.
(एक बहीण, कागल)

अशी लस बहुतेक रुग्णाच्या स्वतःच्याच पेशींची करतात. पेशी तुकडा दाखवते तो एका ताटलीवर ठेवून, आणि ती ताटली ज्याची त्याची वेगळी असते. सख्ख्या भावंडांत ती पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. दुसऱ्याच्या पेशींवर प्रयोग चालू आहेत, पण तुमच्या आजारात तुम्हाला आज उपयोगी पडेल असं त्यात काही नाही.

त्याला नाही म्हणून घरी बसवू नका. केमोत तुमच्या पेशी उतरतील, रक्त लागेल, कदाचित प्लेटलेट लागतील. फक्त त्याचं रक्त थेट तुम्हालाच नको. सख्ख्या नातलगाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी क्वचित रुग्णाच्या अंगात टिकून राहतात आणि त्याच्यावरच उलटतात. असं रक्त द्यायचंच झालं तर किरण देऊन द्यावं लागतं. त्यापेक्षा त्याला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या रक्तपेढीत पाठवा, तिथं देऊ दे. ते कुणा दुसऱ्याच्या बहिणीला जाईल, तुम्हाला दुसऱ्या कुणाचं मिळेल. तालमीतल्या चार पोरांना सोबत घेऊन जा म्हणावं, आणि जाताना सगळ्यांनी पोटभर जेवून जा.